शेरा

मंगळवार पेठेतल्या शाळेत, चौथी ब,
शेवटच्या बाकावर मी बसते. गुडघे मावत नाहीत.
मांडीवर तक्ता: आधी काय घडलं,
मग त्यानं काय केलं, मग इतरांनी काय केलं.
मुठीत स्टॉपवॉच.
पोरांना वाटलं तपासणीला साहेबीण आली,
म्हणून पहिला आठवडा सगळी शहाण्यासारखी वागली,
समरजित सोडून.
तो कुणासाठीच वेगळा वागत नाही.

दीड वाजता मधल्या सुट्टीची घंटा.
घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, उद्यमनगरातून कुणीतरी दिलेला,
आणि त्यावर दौलूमामांचा हातोडा.
तो आधी कानावर हात घेतो, मग बाकाखाली जातो,
मग तो आवाज,
ज्याला माझ्या तक्त्यात नीटसा शब्द नाही.
मी लिहिते: किंचाळणे. चौदा मिनिटं.
बाई म्हणतात, "रोजचंच आहे की हे. लिहा तुम्ही."

मराठीत ह्याला स्वमग्नता म्हणतात.
प्रबंधाच्या पहिल्या पानावर मीही लिहिलंय, ठळक.
पण स्वतःत मग्न असलेली माणसं मला चांगली ठाऊक आहेत,
विद्यापीठात त्यांच्याच शेजारी माझी केबिन आहे.
हा मग्न आहे तो पंख्याच्या तिसऱ्या पात्यात,
जिथला रंगाचा टवका उडालाय,
आणि खिशातल्या घुंगरांत.
आई घरी बसून हुपरीच्या पैंजणांना घुंगरं जोडते,
त्यातली सात त्याची.
आठवं दिलं तर परत करतो.

योजनेच्या कागदावर छापलंय:
हात फडफडवणे ऐंशी टक्क्यांनी कमी करणे.
शास्त्रात त्याला विलोपन म्हणतात.
लक्ष देऊ नका, वर्तन आपोआप विझतं.
एम.ए.च्या वर्गात मीच शिकवते हे, फळ्यावर आलेख काढून.
एका बुधवारी, कुणी विचारलं नसताना,
त्याला भागाकार सुटला, बाकी शून्य,
आणि दोन्ही हात असे काही फडफडले
की मी स्टॉपवॉच दाबायचं विसरले.
हे विझवायचं?
घरी येऊन ती ओळ आधी पेन्सिलीनं खोडली,
जेवण झाल्यावर पेनानं.

घंटेचा उपाय माझा नव्हे, खरं ते सांगते.
माझा आराखडा होता: चित्रांची पट्टी,
पाच मिनिटं आधी सूचना, बक्षिसाला ठोकळे, कानाला हेडफोन.
हेडफोन त्यानं खिडकीतून खाली टाकला.
मग एक दिवस दीडला पाच कमी असताना
दौलूमामा वर्गाच्या दारात. त्याच्यापुढं हातोडा धरून म्हणाले,
"घे, तूच वाजीव की मर्दा."
मी अडवणार होते. उठलेही अर्धी,
पण गुडघे बाकात अडकले.

त्यानं एक टोला दिला. थांबला.
रुळाचं गुंजणं पार विरेपर्यंत थांबला.
मग दुसरा.
त्या दिवशी मधली सुट्टी चार मिनिटं उशिरा झाली
आणि डबे हातात धरून सगळी पोरं व्हरांड्यात उभी राहिली,
न ओरडता.

पुण्याचे मार्गदर्शक फोनवर म्हणाले,
हा घटक आपल्या नियंत्रणात नाही,
ह्यातून निष्कर्ष काढता येणार नाही.
बरोबर आहे त्यांचं.
एक मुलगा, एक शिपाई, एक रूळ.
शिवाय मामा मे अखेर निवृत्त होतायत,
जूनपासून विजेची घंटा, टेंडर निघालंय.
मी बाईंना विचारलं, मग?
बाई वह्या तपासत होत्या. म्हणाल्या, "बघू की."

तक्त्यात सगळ्यात शेवटी एक अरुंद रकाना असतो, शेरा.
तीन महिने मी तिथं नुसती आडवी रेघ मारत आले.
काल लिहिलं. जागा पुरली नाही, समासात गेलं:

किंचाळणे, शून्य मिनिटं.
घंटेनंतर मुलाने निरीक्षकाच्या तळहातावर
एक घुंगरू ठेवले.
थोड्या वेळाने परत घेतले.
मोजले. सात.