दुभाषी क्रमांक एकेचाळीस सत्तर

वॉल्सॉलमधल्या माझ्या माडीवरच्या खोलीत
रेडिएटरवर पोराचे मोजे वाळताहेत
आणि मी हेडफोन लावून वाट बघतेय
कुणाच्या तरी दुखण्याची.
मिनिटाला बत्तीस पेन्स.
नाव सांगायचं नाही, फक्त क्रमांक.
ऐकाल तेच बोला. वाढवू नका, गाळू नका,
सल्ला देऊ नका.
रडू नका, असं कुठे लिहिलेलं नाही, पण कळतं.

सव्वादहाला स्टोकहून फोन.
मिडवाइफचं नाव ब्रॉनवेन, आवाजात सर्दी.
तिच्यासमोर मनकर्णा, वय सत्तावीस,
गाव औंढ्याच्या अलीकडे.
"विचारा, किती आठवडे झाले?"
"दिवस गेले ते दिवाळीच्या आधी," मनकर्णा म्हणते.
मी बोटांवर दिवसांचे आठवडे करते.
एकोणतीस निघतात.
पलीकडे पेन थांबतं.

"एकोणतीस, आणि ही पहिलीच तपासणी?
विचारा, का आली नाही."
मी विचारते. तो 'का' माझ्या तोंडून
हवा त्याहून धारदार निघतो.

"म्हाताऱ्यांच्या होममधी होते मी, त्यांचं न्हाणं-धुणं.
कंपनीचं लायसन गेलं. सरकारचं पत्र आलं,
साठ दिवसात दुसरा मालक बघा, न्हाईतर निघा.
ते दिवस गेले, ताई. अन् हे दिवस बी गेले.
दोन्ही संगंच."

'दिवस गेले' मी दोनदा इंग्रजीत नेते, दोन वाटांनी.
तिकडे पोचल्यावर त्या दोन वाक्यांची
एकमेकींशी ओळखही उरत नाही.

"खोलीतली पोरगी म्हणली, दवाखान्यात गेलीस की बिल येतं.
हजारात येतं. बिलामागून माणसं येतात.
मंग न्हाई आले."

ब्रॉनवेनने गावाचं विचारलेलं नाही. तीच सांगते.
"गावात आशाताई दारात बसायची,
गोळी गिळली का ते तोंड उघडून बघायची.
तरी माझी थोरली बहीण रिक्षातच गेली,
जिंतूरच्या रस्त्याला. रगत थांबलंच न्हाई."
ही 'गेली' पुन्हा वेगळी.
आज या क्रियापदाने माझा पिच्छाच पुरवलाय.

बीपी जास्त. पायावर बोट दाबलं तर खड्डा राहतो.
डोकं दुखतं का? दुखतं. कधीपासून?
"अंगावरच काढलं, ताई."
अंगावर काढणं. मी अडखळते.
म्हणते, तिने सहन केलं.
एवढं सपाट.

मग खरखर, आणि खरखरीतून
कुणी शिलाईचं मशीन भरधाव सोडावं तसा
आवाज.
तिघी गप्प.
याचेही मला बत्तीस पेन्स मिळतात.

माझ्या वेळी बाराव्या आठवड्यात
फ्रिजवर फोटो लागला होता, लिंबाच्या चुंबकाखाली.
नवऱ्याचा शिक्का पक्का होता, बाकी पोट तसंच.
हे मी बोलत नाही. 'गाळू नका'मध्ये
दुभाष्याचं पोट येत नाही.

"बिलाचं खातं माझ्याकडे नाही," ब्रॉनवेन नाक ओढते,
"पण पैसे नाहीत म्हणून तिला कुणी परत पाठवणार नाही.
हे नीट सांगा."
मी नीट सांगते. म्हणजे दोनदा सांगते.
एकदा जास्तच झालं. कापा पैसे.

"पुढचा मंगळवार, साडेदहा. येणार ना ती?"

मी विचारते. खुर्ची सरकते.
पिशवीची चेन. जरा वेळ काहीच नाही.
"येते, ताई," मनकर्णा म्हणते.

आमच्यात उंबऱ्यावरून 'जाते' म्हणत नाहीत.
येते म्हणतात.
कायमचं निघालेलं माणूससुद्धा
येते म्हणतं.

चौदा मिनिटं चाळीस सेकंद. एकेचाळीस.
"काय म्हणाली?" ब्रॉनवेन विचारते.