टिपाड

नवीन डिस्क नईमच्या दुकानातून आणली,
भाकरी बांधावी तशी फोममध्ये गुंडाळलेली.
आठ टीबी.
"म्हंजे किती?" आप्पांनी विचारलं.
म्हटलं, जुनी दोनची होती, ही तिच्या चौपट.
त्यांनी गच्चीकडं बघितलं.
"पाचशेची काढून दोन हजाराची टाकी."
पुढं काही सांगावं लागलं नाही.
लातुरात साठवण कुणाला समजावून सांगत नाहीत.

नळ आला की आमच्याकडं मोकळं भांडं राहत नाही.
टिपाड भरतं, टिपाडावरची परात भरते,
एकदा तर शिवकांतानं कुकर भरून ठेवला
आणि डाळ शिजवायला काही उरलं नाही म्हणून
रात्री चटणी-भाकरी खाल्ली.
अशा घरात फोटो कोण पुसणार?
अकरा वर्षांचे वाढदिवस, घराच्या कर्जाचे कागद,
वेदिका पाढे म्हणते, सातच्या पाढ्यात अडते, रडते,
आप्पांनी टीव्हीवरून उतरवलेल्या कुस्त्या,
एकाच मांजरीचे दोनशे सोळा फोटो.
ते आम्ही मोजले. पुसला एकही नाही.

डबा टीव्हीच्या मागं. आत दोन डिस्का शेजारी-शेजारी,
एकीत जे, तेच दुसरीत.
डावी महिनाभर टकटक करत होती,
बोळक्या तोंडानं फुटाणा चघळावा तशी.
शनिवारी तिला काढलं, परातीत ठेवलं,
तिची जागा नवीला दिली.
आता उजवीनं सगळं सांगायचं,
नवीनं ऐकायचं, एक अक्षर न गाळता.
डब्यानं वेळ दाखवली : एकोणीस तास.
मे महिना.

रात्री पावणेदहाला लाइट गेली.
बासष्ट टक्के.
इन्व्हर्टरची बॅटरी कधीच थकलेली,
तीन पंखे, फ्रिज आणि डबा
एवढं तिला सकाळपर्यंत ओढवत नाही.
खाजाभाईनं बजावलं होतं,
मधीच बंद पडू देऊ नका साहेब,
ही उजवी पुन्हा उठंल का नाही, भरोसा नाही.
मी काही बोललो नाही.
शिवकांता उठली. फ्रिज बंद केला.
"दूध नासलं तर नासू द्या."
मग एकेक पंखा.
आप्पा उशी बगलेत मारून जिन्याला लागले,
"मशीन घरात, माणसं गच्चीवर. बरं चालूलालंय."

वर फरशी तव्यासारखी.
पाणी शिंपडायला कुणाचा हात होईना.
मोबाईलवर आकडा बघत बसलो. एकाहत्तर.
आणि खाली एक लाल ओळ :
एक फाइल वाचता आली नाही.
नाव म्हणून नुसता नंबर. एप्रिल २०१६.
बेचाळीस सेकंद.

काय होतं त्यात?

"वेदिकाचं जावळ," शिवकांता म्हणाली,
मग स्वतःच, "नाही, ते आधी झालं."
वेदिका म्हणाली, "मी बादलीत बसलेय. बादली कोरडी आहे."
"तीन वर्षांची होतीस, तुला काय आठवतंय?"
"आठवतंय."
आप्पा आडवे होते, डोळे मिटलेले.
"पाण्याची रेल्वे बघायला गेलतो आपण.
गर्दीत तू हात वर करून मोबाईल धरलतास."
मी गेलो नव्हतो.
त्या दिवशी मी नांदेडला होतो, ट्रेनिंगला.
मीच म्हणालो, "हो, हात दुखला होता."

मग बेचाळीस सेकंदांत काय काय मावलं!
रेल्वे मावली, तिच्या एका मागं एक टाक्या,
कोरड्या बादलीतली पोर,
रांगेत घागर ठेवून गेलेली आणि परत न आलेली कुणी बाई,
तिचं नाव तिघांनी तीन सांगितलं.
कुणी कुणाचं खोडलं नाही.
दीड तास गेला.

अडीचच्या सुमाराला खाली पाइप खोकला.
आधी नुसती हवा.
शिवकांता झोपेतच उभी राहिली,
"नळ!"

लाइट नाही म्हणजे मोटार नाही,
खड्ड्यात उतरून हातानं भरायचं.
आप्पा बॅटरी धरून, मी खड्ड्यात, शिवकांता कळशा उचलत.
वेदिकानं परातीतली जुनी डिस्क काढली,
कुठं ठेवावी कळेना, फ्रिजवर ठेवली,
आणि परात घेऊन पळत आली.

त्र्याण्णवनंतरचा आकडा
कुणी बघितला नाही.