दोरीच्या आत

जांघेत गाठ लागली तेव्हा म्हटलं, अवधाण असेल.
नवे सेफ्टी बूट चावलेत, टाचेला फोड आहे.
रात्री मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकलं.
फोड बरा झाला. गाठ राहिली.
दुखत नव्हती,
एवढंच काय ते तिचं वाईट.

सोहारला तुकडा काढला, मस्कतला तपासला.
डॉक्टर सुरैया म्हणाल्या, लिम्फोमा.
पहिली पायरी, एकाच जागी,
आणि हा संथ असतो, त्याला घाई नसते.
मला गोगलगाय आठवली
आणि तिच्या पोटातले पाय.
किरणं देऊ, त्या म्हणाल्या, बारा दिवस.
मी हसलो. त्यांना कळेना का.

बाई, एकवीस वर्षं रिफायनरीत
किरणांपासून लांब राहण्याचाच पगार घेतला मी.
सगळे जेवायला गेले की
पाइपाच्या सांध्याला फिल्म बांधायची,
पिवळी दोरी ताणायची, लाल दिवा लावायचा,
पलीकडच्या वाटेवर शमशुद्दीन मुकादमला उभं करायचं,
मग क्रँक फिरवून इरिडियमचा दाणा
केबलवरून पुढे ढकलायचा
आणि मागे सरायचं, पावलं मोजत.
वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये शिसं:
हीच आमची संध्या.

पहाटे फिल्म धुऊन दिव्यावर धरायची.
बुडबुडा, राख, केसाएवढा तडा
दिसला की सांध्यावर खडूनं लिहायचं, आर वन.
दुरुस्ती, पहिली.
पुन्हा बिघडला तर आर टू.
त्यानंतर कुणी काही लिहीत नाही,
तुकडा कापून काढतात.

जिन्सी नावाच्या मुलीनं कमरेवर तीन ठिपके गोंदले,
टाचणीच्या डोक्याएवढे.
मी विचारलं, आर वन?
ती म्हणाली, सर?

मग सगळे बाहेर जातात.
दार जाड, त्याला मिटायला वेळ लागतो.
त्यावरचा लाल दिवा मला आतून दिसत नाही,
पण लागला असणार.
पहिल्यांदाच मी दोरीच्या आत.

बाटलीत माशी अडकावी तसा आवाज.
ऊब नाही, वास नाही, दुखणं नाही.
हे मला ठाऊक होतंच,
शिकाऊ पोरांना मीच सांगत आलोय,
तरी पडून राहिलो कान देऊन,
आपल्याला तरी काही कळेल म्हणून.

छतावर कुणी चेरीच्या फांद्यांचं चित्र लावलंय.
ओमानात, चेरी.
तिच्याकडे बघत हिशेब केला:
आमची वर्षाची मर्यादा वीस मिलिसिव्हर्ट,
इथे रोज दोन ग्रे,
म्हणजे दोन मिनिटांत शंभर वर्षांचा कोटा.
हिशेब चूक आहे. अख्खं अंग वेगळं,
तळहाताएवढी जागा वेगळी.
एखाद्या पोरानं मांडला असता तर मी मार्क कापले असते.
तरी बाराही दिवस केला.

हेमांगी फोनवर एकच विचारत राहिली,
त्या कामानंच झालं का?
मी डॉक्टरांना विचारलं.
त्यांनी माझ्या एकवीस वर्षांचे आकडे पाहिले,
सगळे मर्यादेत, सगळे सहीचे,
आणि म्हणाल्या, बहुधा नाही.
हेमांगीला मी 'नाही' सांगितलं.
'बहुधा' माझ्याकडे ठेवलं,
रूवीच्या खोलीत, उशाखाली.

गाठ आता हाताला लागत नाही.
तीन महिन्यांनी पुन्हा फोटो, मग सहा.
परतही येऊ शकते, डॉक्टर म्हणाल्या, दुसरीकडे कुठे,
आणि तेही सावकाश.

तिमाहीचा कागद आला.
ते बारा दिवस माझा बिल्ला सोहारला होता,
लॉकरमध्ये, हेल्मेटच्या शेजारी.
माझ्या नावापुढे शून्य पूर्णांक शून्य शून्य.
दिलेल्या जागी मी सही केली.

आता मला सोर्सवर पाठवत नाहीत, फिल्म वाचायला बसवलंय.
तरी रात्री एक फेरी मारतोच.
काल मुकादम म्हणाला, दोरी सैल आहे.
होती.
परत जाऊन ओढली.