वीतभर अंतर

वाल्दिवियात जून लागला
की खिडक्या पहाटेपासून रडायला बसतात.
एदेल्मीरा जुन्या बनियनचं फडकं घेऊन
एकेक काच पुसते,
बादलीत पिळते.
पेलाभर पाणी, रोज.
चार माणसांचा रात्रभरचा श्वास
तिने असा मोजून पाहिलाय.

कपाटामागे काय आहे
ते नाकाला आधीच ठाऊक होतं.
ओल्या पुठ्ठ्याचा, मोड आलेल्या बटाट्याचा वास.
आणि माइतेचा खोकला,
जो शाळेत नसतो, मावशीकडे नसतो,
या पलंगावर पाठ टेकली की येतो.

गेल्या साली रंग दिला होता.
त्याच्या आदल्या सालीही.
पांढरं पांघरूण घातलं
की भिंत दोन महिने गप्प राहते,
मग एका कोपऱ्यात मिरीएवढा ठिपका,
मग मूठभर मिरी.

निबाल्दो आला, धाकटा दीर, सुतार.
बूट दारात काढले,
कपाट एकट्यानेच ओढलं
आणि काळ्या भिंतीशेजारच्या स्वच्छ पट्टीवर
तळहात ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
"कुठेतरी पाणी मुरतंय."
शिडी लावून वर गेला.
पन्हळीत अरायानची कुजकी पानं, एक घरटं,
आणि माइतेचा हरवलेला पिवळा चेंडू.
दोन वर्षं छपरावरचं पाणी
भिंतीच्या पाठीवरून उतरत होतं.

पण ते अर्धंच.
उरलेलं अर्धं आतून यायचं:
चुलीवरच्या दोरीवर वाळत घातलेली चादर,
झाकण हरवलेलं पातेलं,
रॉकेलचा हीटर, जो ऊब देतो
आणि गुपचूप पाणीही.
सूर्य कधीच न बघितलेली ही दक्षिणेची भिंत
घरातलं सगळं पाणी पिऊन
काळी पडत होती.

ओलावा म्हणजे आपल्याकडे माया.
मलाही तो शब्द आवडायचा.
त्या भिंतीसमोर उभा राहिलो
आणि थोडा वेळ तो शब्द वापरवेना.

शनिवारी माइतेला शेजारी ओतिलियाकडे पाठवलं.
खोलीचं दार बंद, खिडकी सताड उघडी.
तोंडाला मास्क, हातात कोपरापर्यंत मोजे.
आधी भिंत भिजवली,
कोरडी घासली तर बुरशी उडते,
घरभर संसार थाटते.
मग साबणाचं पाणी, ब्रश,
पुन्हा साबणाचं पाणी.
ओतिलियाने भिंतीपलीकडून ओरडून सुचवलं,
ब्लीचमध्ये थोडं व्हिनेगर घाल!
"घालू नकोस," निबाल्दो म्हणाला,
"भिंतीआधी आपण जाऊ."
फडकी पिशवीत, पिशवीला गाठ.
गादी उलटी केली तर खालून काळी.
तीन हप्ते बाकी होते तिचे.
दोघांनी मिळून ती अंगणात नेली,
पावसात ठेवली,
आणि कुणीच काही बोललं नाही.

रंगाचा डबा अजून उघडलेला नाही.
आधी भिंत वाळू दे. आठवडा लागो, महिना लागो.

भांडण आहे ते खिडकीचं.
सासू, दोन्या क्लोरिंदा, शाल आवळून म्हणते,
लाकडाचे पैसे आभाळाला वाटतेस!
खोटं नाही. लाकूड महाग आहे.
एदेल्मीरा रेडिओ लावते.
सकाळच्या बातम्या संपेपर्यंत समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या,
हवामानाचा अंदाज आला की बंद.
अंदाज रोज एकच असतो.
चादरी आता मागच्या पत्र्याखाली वाळतात,
म्हणजे तीन दिवस वाळत नाहीत.

खोकला गेला असं नाही.
मंगळवारी नव्हता. बुधवारी होता.
गुरुवारी एदेल्मीरा कान लावून जागी राहिली
आणि झोप कधी लागली ते कळलं नाही.

कपाट भिंतीपासून वीतभर पुढे असतं आता.
दिसायला वाईट दिसतं,
येणाराजाणारा विचारतो, हलवताय का?
त्या वीतभर फटीत
माइते आडवी सरकून लपते,
गाल भिंतीला टेकवून
शंभरपर्यंत मोजते,
आणि मधेच ओरडून सांगते,
आई, इथे कसलाच वास नाही!