दोन उड्या राहिल्या असताना

रविवार संपला. कोटाच्या खिशातून
चिठ्ठ्या काढतोय, ओल्या,
एकमेकींना चिकटून बसलेल्या.
शनिवारचे वीस युरो, आजचे पंधरा.
आकडा मोठा नाही. शाळेच्या बसचा ड्रायव्हर
याहून मोठा आकडा हरूही शकत नाही.

शनिवार अख्खा गेला टूहीच्या दुकानात.
बाहेर क्लॉनमेलवर गारठा, आत हीटरचा करपट वास,
भिंतीवर सहा पडदे, सहा गावांचा चिखल.
मॅलकी टूही काचेमागून पैसे घेतो
वर न बघता, आणि म्हणतो,
"घोडामैदान जवळच आहे, फिंटन."

मी अभ्यास केला होता. वजनं, जमिनीची ओल,
कुठला घोडा उजवीकडे कलतो,
कुणाचा बाप दलदलीत पळाला.
वहीत सगळं, शाईनं.
तिन्ही घोडे वहीचा मान न राखता
चौथा, सातवा, आणि एक बेपत्ता.

आज बहिणीला घेऊन टेकडीवरच्या मैदानात.
खाली नदी. नकाशात नाव कसंही लिहोत,
आम्ही म्हणतो शूर.
नाव शूर, पण जानेवारीत वाहते खालमानेनं,
गढूळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
अ‍ॅट्रॅक्टा, जन्मात पैज न लावलेली,
थर्मास सांभाळत म्हणाली,
"मिसेस गॅफ्नी. आपल्या शिवणाच्या बाई होत्या ना?"
दोन युरो. एकाला चौदा. मी हसलो.
मिसेस गॅफ्नी आली, बाईंसारखीच,
एकही टाका न चुकवता, कुंपणामागून कुंपण,
आणि तीस युरो अ‍ॅट्रॅक्टानं
हातमोज्यात सरकवले, न मोजता.

मग चौथी शर्यत. इथंच तर घोडं पेंड खातं.
टर्फ बँक, माझे दहा,
दोन उड्या राहिल्या असताना चार लांबींनी पुढे.
मी ओरडत होतो. तो आवाज
मला माझा वाटत नव्हता.
बर्चच्या कुंपणापाशी त्याचे पुढचे पाय
उशिरा उचलले गेले. एवढंच. जरासा उशीर.
गर्दीतून जो आवाज निघाला
तो श्वास आत ओढल्याचा होता.
माणसं हिरवे पडदे घेऊन धावली.
पडदे कशासाठी असतात ते सगळ्यांना माहीत असतं.

आणि मी, त्या तीन-चार मिनिटांत,
डोक्यात बेरीज करत होतो:
कालचे वीस, हे दहा, तीस,
शेवटच्या शर्यतीला उरले किती.
हे कुणाला सांगितलेलं नाही. अ‍ॅट्रॅक्टालाही.
तिनं डोळे मिटले होते, ओठ हलत होते.

पडद्याच्या वर आधी कान दिसले.
मग टर्फ बँक उभा, अंगभर चिखल,
झोपेतून उठवलेल्या पोरासारखा गोंधळलेला.
जॉकीही उठला, मिसरूड न फुटलेला,
आणि त्यानं आधी घोड्याचे पाय चाचपले,
एकेक करून चारही,
मग आपला खांदा.
लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही.
माझ्या जरा जास्त वेळ वाजल्या असाव्यात.

शेवटच्या शर्यतीवर पाच लावले, का ते ठाऊक नाही.
हरल्यावर बरं वाटलं.
चिप्सचे पैसे अ‍ॅट्रॅक्टानं दिले, हातमोज्यातून.
व्हिनेगर जास्त झालं होतं. दोघांनी संपवले.

चिठ्ठ्या शेगडीत टाकल्या. एक नाही टाकली.
ती वहीत ठेवली, वजनांच्या पानात.

उद्या सातला बस. डांबरावर बर्फाची काच असेल.
किलशीलनच्या वाटेवर एक कमानीचा पूल आहे,
तिथं मागच्या बाकावरची पोरं
रोज सकाळी एका दमात ओरडतात: उडी!
आणि मी, नियम मोडून, जरासा वेग वाढवतो.
उद्या वाढवीन का,
बघू. रस्ता कसा आहे त्यावर.