स्लॅब पडल्यावर

भरमा, स्लॅब पडला, पेढे वाटलेस, फोटो पाठवलास.
आता ऐक. घर इथून पुढे सुरू होतं.

तुझे दाजी तेव्हा पलटणीबरोबर तवांगला.
एका सुट्टीत त्यांनी पाया पाहिला,
पुढच्या सुट्टीत एकदम पडदे.
मधलं सगळं मी पाहिलंय,
स्कूटीच्या डिकीत टेप आणि भाकरी घेऊन.

पाणी मार. मेस्त्री सात दिवस सांगेल, तू पंधरा मार.
वर मातीचे बांध घाल, भाताच्या वाफ्यासारखे,
आणि तुंबू दे.
नंदगडात पाऊस येतोच की, म्हणून बसू नकोस.
पाऊस त्याच्या कामाला येतो, तुझ्या न्हवं.

माझा बसलिंग मेस्त्री बैलहोंगलचा.
त्याला मराठी येईना, माझं कन्नड भाजी घेण्यापुरतं.
पहिल्याच दिवशी म्हणाला, नीर हाक्री अक्का,
मी आत जाऊन तांब्या भरून आणला.
बिचारा प्याला सगळा.
मग मिशा पुसून भिंतीकडे बोट दाखवलं.

पुढं आमचं कधी अडलं नाही,
एक 'नाळे बर्तीन्री' सोडून.
नाळे म्हणजे उद्या, हे पुस्तकातलं.
गवंड्याच्या तोंडात ते परवा, तेरवा,
नाहीतर यल्लम्माची जत्रा झाल्यावर.

गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढ,
पाइप कुठनं गेलाय, वायर कुठनं,
शेजारी टेप उघडी धरून.
मी काढला नाही.
तसबिरीसाठी खिळा ठोकला
आणि गणपतीच्या मागनं कारंजं उडालं.

दारं पावसात बसवू नकोस.
सुतार म्हणेल सागवान आहे, काय होत नाही.
दिवाळीला लाकूड आक्रसतं,
फटीतून शेजारच्यांची मालिका दिसायला लागते.

ओट्याची उंची मेस्त्री सगळ्यांना एकच सांगतो.
मंजुळाला उभी कर, कोपरात हात वाकव म्हणावं,
तिथनं चार बोटं खाली खूण कर.
तिला विचार.
तिला विचार, हे दोनदा लिहिते,
कारण तू एकदा वाचून पुढे जाणार.

बाथरूमची फरशी झाली की पोराकडची गोटी माग.
सोडून बघ.
जाळीकडे गेली तर पैसे दे,
दाराकडे आली तर उखड म्हण,
आणि तो कितीही चांगला माणूस असला तरी
त्या वेळी चहा देऊ नकोस.

पाच फरशा जास्तीच्या घेऊन माळ्यावर टाक.
फुटते तेव्हा ते डिझाइन बेळगावातल्या
एकाही दुकानात नसतं.

उतारा पंचायतीतून कन्नडमध्ये येईल.
वाचता येत नाही म्हणून सही करून निघू नकोस,
थोरलीला घेऊन जा, तिला शाळेत आहे.
माझ्या वेळी कोण होतं?
आठ महिने मी घराची मालकीण होते, नाव तारका.
दाजी फोनवर म्हणाले, असू दे गं, झकास वाटतंय.
मी असू दिलं नाही.
तीन खेपा, दोन अर्ज, एक रुसवा,
मग कुठं द्वारका झाले.
तुझं नाव घाल उताऱ्यावर. मंजुळाचंही घाल.
कागद वाढत नाही त्यानं.

आता खरं सांगते, हे सगळं शहाणपण लिहिते ती
गेली सात वर्षं
कठड्याशिवायच्या जिन्यावरनं चढते उतरते.
भिंतीला हात लावत.
हाताच्या उंचीवर रंग काळा पडलाय,
एक पट्टा, खालपासून वरपर्यंत.
बसलिंगला फोन केला की म्हणतो नाळे.
आणि मीही, का कोण जाणे, बरं म्हणते.

वास्तुशांतीची तारीख कळव.
आहेराला भांडं आणणार नाही.
गोटी आणते.