दवबिंदू कुठे पडेल

तौनोनं कानामागची पेन्सिल काढली
आणि सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर
भिंत उभी चिरून दाखवली:
आतली फळी, जाड कागद, मग लगदा,
मग वारा अडवणारा पुठ्ठा,
मग दोन बोटं मोकळी जागा, शेवटी बाहेरची लाल फळी.
"ही दोन बोटं सोडाच," म्हणाला,
"सगळे नेमकी इथंच काटकसर करतात."

इल्मारीला ओंडक्यांचं घर हवं होतं,
सोत्कामोच्या तळ्याकाठी त्याच्या बापाचं आहे तसं,
फटींत शेवाळ कोंबलेलं.
ओंडका श्वास घेतो, म्हणायचा,
जणू रात्री दोघांचं बोलणं होतं.
मी म्हटलं, घेत असेल.
पण जानेवारीत सरपण किती खातो, तेही विचार त्याला.

मला भिंत जाड हवी होती. बस, जाड.
खिडकीच्या कोनाड्यात सायमी मांडी घालून बसेल
इतकी.
कारण ते भाड्याचं घर माझ्या डोक्यातून जात नाही,
प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळलेलं, चकचकीत,
आणि सायमीचा खोकला, पहाटे तीनचा,
घड्याळ लावावं असा.
तपासनीस आला, पलंगामागे
बशीएवढं भोक पाडलं त्यानं.
आत कापूस काळा.
तळघरात विसरलेल्या बटाट्यांचा वास.
तो काही बोलला नाही,
भोकावर चिकटपट्टी लावली
आणि पलंग दुसऱ्या भिंतीकडे सरकवायला
स्वतः हात लावला.

भिंतींना कान असतात म्हणे.
असतील.
मी त्यांची फुप्फुसं पाहिली आहेत.

दवबिंदू, तौनो म्हणाला.
केवढा कोवळा शब्द, गवताच्या टोकावरचा.
पण उणे तीसमध्ये तो गवतावर नसतो,
भिंतीच्या पोटात जागा शोधत फिरतो.
आपले उसासे, सूपाची वाफ, वाळत टाकलेले मोजे,
सगळं हळूहळू बाहेर निघतं
आणि वाटेत कुठंतरी गारठून पाणी होतं.
"कुठं होईल आणि तिथून कसं वाळेल,
तेवढंच आपल्या हातात.
पाणी होणारच नाही म्हणणाऱ्याला
एक युरो देऊ नका."

लगदा म्हणजे जुनी वर्तमानपत्रं,
दळून, औषध लावून, नळीतून फुंकलेली.
सासऱ्यांनी एकतीस वर्षं घरोघर पेपर टाकले,
आधी स्कीवरून, मग मोपेडवरून.
ते हसले नाहीत. कप फिरवत राहिले.
"म्हणजे माझंच ओझं
माझ्या पोराच्या भिंतीत."
दुसऱ्या दिवशी घसरगाडीवर गठ्ठा लादून हजर,
सुतळीनं बांधलेला.
सगळ्यात वरच्या अंकात काळी चौकट: हिल्या, त्यांची बायको.

तौनोनं टोपी काढली.
औषधाशिवाय कागद भरता येत नाही, काका.
उंदीर. आग. विमावाले.
मग बराच वेळ नुसता जनरेटर बोलत होता.
मग तौनोच म्हणाला,
आतल्या फळीमागं एक घडी मावेल,
उबेच्या बाजूला.
दवबिंदू तिथवर पोचत नाही.

अंदाजपत्रकाचा शेवटचा आकडा वाचून
आम्ही गॅरेज खोडलं. मग व्हरांडा.
भिंतीतला एक सेंटिमीटर मी खोडू दिला नाही.
इल्मारीला ओंडके मिळाले, पण फक्त सौनाला,
आणि तो अजून थोडा रुसलेला आहे.

आज सांगाडा उभा राहिला.
नुसते खांब, मधून तळं दिसतं, बर्फ दिसतो.
सायमी तिच्या होणाऱ्या खोलीत जाऊन थांबली,
तोंड उघडून मोठ्ठा श्वास सोडला.
पांढरा ढग खांबांमधून आरपार गेला,
अडवायला अजून काही नव्हतं.
"हा कुठं पडेल?" तिनं विचारलं.
तौनोनं खिळे ओठांतून काढले,
उत्तर द्यायला,
आणि तळ्याकडे बघत
पुन्हा ओठांत धरले.